शपथेबाहेरचा रस्ता

माझी नणंद सायकलवरून पडली तेव्हा तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुण्याच्या हॉस्पिटलात तिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, पुन्हा ट्रॅफिकमध्ये सायकल घातलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. सिंगापूरहून मिळेल ते विमान पकडून आलेलो, अंगावर प्रवासात चुरगळलेले कपडे, आणि हा आमच्या घरातला सगळ्यात शहाणा माणूस, दिवसभर बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणारा, चक्क शपथ घालत होता. एरवी मी फिस्सकन हसले असते. पण ताईंनी हात मागे घेतला नाही. पाय प्लास्टरमध्ये, गाल खरचटलेला, तशाच त्या म्हणाल्या, "बरं बाबा. ट्रॅफिकमध्ये नाही घालणार."

मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं होतं. टेम्पोवाला पळून गेला नाही, उलट त्यानेच रिक्षात घालून आणलं. आम्ही पोचलो तेव्हाही तो बिचारा व्हरांड्यात उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "अहो, मी केव्हाचा हॉर्न देत होतो, मावशी बाजूलाच होईनात." त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? पुण्यात हॉर्न सगळेच देतात. आम्ही त्याला वाटेला लावलं आणि एकमताने ट्रॅफिकला शिव्या घातल्या.

ताई तेव्हा साठीच्या. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, निवृत्त झाल्या. अख्खं पुणं स्कूटरवर गेलं तरी या आपल्या सायकलवरच. बँकेत सायकलवर, मंडईत सायकलवर, कोणाच्या लग्नाला जायचं तर पैठणीचा काठ वर खोचून सायकलवर. माझ्या नवऱ्याला सायकल शिकवली तीही त्यांनीच, मागून कॅरिअर धरून पळत. आमचं दोघींचं म्हणाल, तर माझ्या आमटीत गूळ कमी असतो आणि मी ठाण्याची असल्यामुळे माझं मराठी सैल आहे, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. मीही फटकळ. भांडण ताटावर सुरू व्हायचं आणि ताटं उचलेपर्यंत मिटायचं. मला त्या आवडायच्या. अजूनही हे त्यांना सांगायची मला लाज वाटते.

शपथ त्यांनी पाळली. पाय बरा झाल्यावरही सायकल सोसायटीच्या जिन्याखाली झाकून ठेवली, रिक्षाने जायला लागल्या आणि प्रत्येक रिक्षावाल्याशी भांडायला लागल्या. फोन करणं कमी झालं, मेसेज वाढले. "ताई मॉडर्न झाली," नवरा कौतुकाने म्हणायचा. मला मात्र वाटायचं, बाई कोमेजली.

मग एके दिवशी त्यांचा मेसेज आला. एक लिंक, आणि खाली एकच ओळ: इथे ट्रॅफिक नाही.

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून जाणारी, रूळ उखडून टाकलेली एक जुनी रेल्वेलाइन होती ती. रुळांच्या जागी गुळगुळीत वाट, तिच्यावर फक्त सायकली आणि पायी चालणारी माणसं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, पांढऱ्या गाई, मधूनच एखादं जुनं बैठं स्टेशन, आता तिथे कॉफी मिळते. मोटार नाही, ट्रक नाही, टेम्पो तर नाहीच. गावातले बारके रस्ते कुठे कुठे आडवे येतात, तेवढेच. कोणीतरी हँडलला कॅमेरा लावून नुसती ती वाट दाखवली होती, आणि ताईंनी तो लांबलचक व्हिडिओ कितीदा पाहिला होता कोण जाणे. कर्जाची कागदपत्रं तपासण्यात जन्म गेलेली बाई. भावाने घातलेल्या शपथेतला शब्द न् शब्द त्यांनी तपासून ठेवला होता. ट्रॅफिकमध्ये नाही म्हणालास ना? मग जिथे ट्रॅफिकच नाही तिथे?

नवरा आधी हसला, मग त्याने तो व्हिडिओ पुन्हा लावला. बहिणीला सायकल आपण सोडायला लावली हे त्यालाही आत कुठेतरी सलत होतं. त्याच आठवड्यात त्याने सगळं ठरवलं. फ्रान्समध्ये सायकली भाड्याने मिळणार, सामान एका गावाहून पुढच्या गावी गाडीने पोचणार, आपण फक्त पॅडल मारायचं. ताईंनी व्हिसा पुण्याहूनच करून सिंगापूरला आमच्याकडे यायचं, आमच्या पुंगोलमधल्या पाणवठ्याकाठी सराव करायचा आणि इथून तिघांनी मिळून जायचं. माझं मत कोणी विचारलं नाही. मला सायकल येते, पण ती उतारावर.

ताई आल्या आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलं. आमच्याकडच्या तांदळाला चव नाही, कोथिंबिरीला वास नाही, आणि मी डाळीला शिट्ट्या कमी देते. कुकर लावला की त्या त्याच्यासमोर उभ्या राहायच्या, कमरेवर हात, नजर शिटीवर. मी म्हटलं, "ताई, बसा की जरा, शिट्टी काय पळून जाणार आहे?" त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, शिष्टपणा.

मग एका दुपारी मी घरून काम करत होते. खोलीचं दार लावून मीटिंग चाललेली, आणि बाहेर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय. आता बंद करतील, मग बंद करतील. शेवटी करपल्याचा वास आला तशी मी मीटिंग सोडून धावले. ताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, खालून जाणारी एलआरटीची छोटी ट्रेन बघत. कुकर त्यांच्यापासून दोन हातांवर. मी गॅस बंद केला तेव्हा त्या दचकल्या. "अगं बाई, विचारांत होते मी," त्या म्हणाल्या. मी "हो का" म्हटलं आणि खिडक्या उघडल्या. मनात मात्र काहीतरी टोचून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच सरावाला निघालो, नवऱ्याचं ऑफिस होतं. पुंगोलच्या त्या पार्क कनेक्टरवर गाड्या येत नाहीत, पाण्याच्या कडेकडेने सायकलींची वेगळी वाट आहे. ताई पुढे, मी मागे. काय सुरेख चालवत होत्या! पाठ ताठ, वळणावर नुसती मान कलती. मागून एक सायकलवाला आला, घंटी वाजवली. मी डावीकडे झाले. ताई मधोमध. त्याने पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, मग वैतागून गवतातून पुढे गेला. तो शेजारून दिसला तशा ताई केवढ्या दचकल्या, हँडल डगमगलं.

मी जोर लावून त्यांच्या अगदी मागे गेले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, कालची तुमची आमटी नुसतं पाणी होती हो!"

जी बाई आमटीवरून माझ्याशी भर ताटावर भांडते, ती बाई ढिम्म. पॅडल मारतेय, पाण्यातले बगळे बघतेय. मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. जॉगिंग करणाऱ्या एक तमिळ बाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. ताई नाही वळल्या.

टेम्पोवाला खरं सांगत होता. आम्ही दोन वर्षं ट्रॅफिकला शिव्या दिल्या आणि बाईला ऐकूच येत नव्हतं!

पुढच्या बाकापाशी मी त्यांना हात करून थांबवलं आणि समोर उभी राहिले. "ताई, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"कान गेल्याला."

त्या चिडतील असं वाटलं होतं. नाही चिडल्या. रुमालाने चष्मा पुसत बसल्या. मग पर्समधून एक छोटी डबी काढून मला दाखवली. आत यंत्र होतं, शेंगदाण्याएवढं. "घरात, चार माणसांत लावते कधीकधी. सायकलवर लावलं की वारा असा घोंघावतो की डोकं उठतं. म्हणून काढून ठेवते." समोरच्याचे ओठ बघून त्यांना बरंच कळायचं. आणि नाही कळलं तर त्या स्वतःच बोलत राहायच्या, म्हणजे ऐकायचा प्रश्नच नाही. म्हणून फोन कमी, म्हणून मेसेज, म्हणून कुकरसमोर पहारा. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि मला रागही आला आणि भडभडूनही आलं.

"आज संध्याकाळी त्याला सांगायचं," मी म्हटलं. "तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते."

"नाही सांगायचं."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? तिकडे मागून भरधाव सायकलवाले येतील, मध्ये रस्ते आडवे येतात. तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"होईल ते होईल. ऐक माझं." त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला कळलं की आधी फ्रान्स जाईल. मग सायकल कायमची जाईल, ट्रॅफिक असो नाहीतर नसो. मग म्हणेल, ताई गॅस चालू ठेवून विसरते, एकटी कशी राहणार. मग माझं घर जाईल. मला तुमच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत आणून ठेवेल, आणि मी आपली लिफ्टपर्यंत जाऊन परत येत बसेन. तो वाईट नाही गं. प्रेमानेच करेल सगळं. प्रेमाने करतो त्याच्याशी भांडता येत नाही."

मी म्हटलं, "तरीसुद्धा."

"सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

माझं डोकंच फिरलं. "काय चाललंय काय तुम्हा भावाबहिणीचं! ऊठसूट एकमेकांच्या गळ्यात शपथा! मी नाही मानत असलं काही!" मी इतकी ओरडले की त्यांना बहुतेक ऐकूही आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मानत नाहीस ना, मग सांग जा." आणि सायकलवर बसल्या.

संध्याकाळी नवरा आला, बूट काढता काढता विचारलं, "कसा झाला सराव?" मी तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. ताई सोफ्यावर बसून पालेभाजी निवडत माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी म्हटलं, "छान झाला." मी शपथा मानत नाही, देवाला सुद्धा सणावारीच हात जोडते, आणि तरी जीभ हलली नाही. या गोष्टी कुठे रुजलेल्या असतात देव जाणे.

मग मी माझ्या परीने बंदोबस्त सुरू केला. शेजारच्या हौगांगमधल्या एका सायकलच्या दुकानातून हँडलला लावायचे आरसे आणले, तिघांच्या सायकलींना, म्हणजे संशय यायला नको. "आरसा बघत सायकल चालवायला मी काय नटी आहे?" ताई म्हणाल्या, पण डोळ्याने मला हो म्हणाल्या. त्यांनी तो आरसा वापरलाही. तरी माझा भरवसा बसेना. तिघं निघालो की पुढे नवरा, मध्ये ताई, मागे मी, आणि मागून घंटी आली रे आली की मी जिवाच्या आकांताने पॅडल मारून ताईंच्या उजव्या बाजूला जाऊन वाट अडवायची. लोकांची बोलणी खाल्ली. "आँटी, कीप लेफ्ट लाह!" रोज कोणी ना कोणी ओरडायचं. नवरा थांबून मला झापायचा. "काय हे? अख्खी वाट अडवतेस तू. फ्रान्समध्ये असं केलंस तर लोक उचलून द्राक्षांत फेकतील." मी मुकाट ऐकून घ्यायचे. वीस वर्षांच्या संसारात मी त्याचं एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्यावरून तरी त्याने ओळखायला हवं होतं.

रोज वाटायचं, आज सांगून टाकू. पण ताई! त्या दिवसेंदिवस तरुण होत होत्या. घामाने निथळत घरी यायच्या, दोन पोळ्या जास्त खायच्या, रात्री तो फ्रान्सचा व्हिडिओ टीव्हीवर लावून आम्हाला दाखवायच्या, "हे बघ, इथे स्टेशन येईल, इथे आपण थांबायचं." त्यांचा आनंद बघितला की माझा धीर सुटायचा आणि मागून घंटी ऐकली की पुन्हा काळीज तोंडाशी यायचं. अशी माझी रोजची वरात.

निघायच्या आधीच्या रविवारी नवऱ्याने टूम काढली. फ्रान्समध्ये परक्या सायकली मिळणार, तेव्हा एकदा परक्या सायकलींवर लांब पल्ला मारू. मरीन परेडला जाऊ, समुद्राकाठच्या बागेत सायकली भाड्याने घेऊ. मी म्हटलं, रविवारी तिथे ही गर्दी असते. तो म्हणाला, म्हणूनच. मी म्हटलं, माझं पोट दुखतंय. तो म्हणाला, मग तू घरी थांब, आम्ही दोघं जातो. झालं! मी सगळ्यात आधी चपला घातल्या.

भाड्याच्या सायकलींना आरसे नव्हते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा नवरा निघालाही होता आणि ताई त्याच्या मागोमाग. ते दिवस ई-स्कूटरचे. सिंगापुरात त्यांचं नुसतं पेव फुटलं होतं, पुढे नियम कडक झाले. उभ्याने चालवायच्या, इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, आणि वेग असा की अंगावर येईपर्यंत कळू नये. समुद्राकाठची ती सपाट वाट मोटारींना बंद, पण या स्कूटरना मोकळी. मला त्यांच्या चाकांची बारीक घरघर मागून ऐकू यायची आणि मी पॅडलवर जोर द्यायचे. पहिल्या दोन स्कूटर आल्या तेव्हा मी वेळेवर ताईंच्या शेजारी पोचले. तिसऱ्यापर्यंत मला धाप लागली. वारा पाठीमागून होता, वाट सपाट होती, आणि ताईंना हुरूप आला होता. त्यांनी वेग वाढवला. मी ओरडले, "ताई, हळू!" कोणाला ओरडत होते मी? अंतर वाढत गेलं. नवरा तर पार पुढे, त्याची निळी टोपी तेवढी दिसत होती.

मागून घंटी आली. मग आणखी एकदा, लांबलचक. स्कूटर माझ्या कोपराजवळून गेली. वर एक मध्यमवयीन माणूस, पाठीला मोठी पिशवी. तो ताईंच्या दिशेने घंटी वाजवत निघाला, आणि त्याच वेळी मला दिसलं की ताईंच्या पुढे, डाव्या कडेला, एक चिमुरडी पायाने ढकलायच्या छोट्या गाडीवर वेडीवाकडी चालली आहे. तिला चुकवायला ताई उजवीकडे घेणार. आणि उजवीकडून हा.

मी श्वास भरला आणि जीव खाऊन किंचाळले, "ताईऽऽऽ!"

तसा आवाज माझ्या गळ्यातून त्याआधी कधी निघाला नव्हता. गवतावर चटया टाकून बसलेली माणसं वळली. पळणारे थांबले. त्या चिमुरडीच्या बापाने मान फिरवली, चिमुरडीनेही फिरवली. एक कुत्रा भुंकायला लागला. तिकडे लांबवर निळी टोपी थांबली आणि वळली. त्या अख्ख्या किनाऱ्यावर फक्त एका माणसाने मागे वळून पाहिलं नाही, आणि हाक तिलाच होती.

ताईंनी उजवीकडे घेतलं. स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, तरी त्यांच्या मागच्या चाकाला घासलाच. सायकल एकीकडे, ताई दुसरीकडे, गवतात. मी पोचेपर्यंत त्या उठून बसल्या होत्या. कोपर सोललेलं, बाकी काही नाही. "कुठून आला हा मेला?" त्या म्हणाल्या. तो माणूस पांढराफटक पडून माझ्याकडे बघत हातवारे करत होता, "आँटी, आय रिंग सो मेनी टाइम्स! सो मेनी टाइम्स!" मी म्हटलं, "येस, येस, सॉरी." मी तिथेच गवतात बसकण मारली.

नवरा सायकल टाकून धावत आला. त्याने ताईंचं कोपर पाहिलं नाही. ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचा तो टेम्पोवाला, कमी झालेले फोन, माझं रोज वाट अडवणं, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं. सायकली परत केल्या, टॅक्सी बोलावली. पुंगोल येईपर्यंत तिघं तीन दिशांना बघत बसलो.

घरी मी डेटॉल काढलं. ताईंनी कोपर पुढे केलं आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तू सांगितलंस?"

"नाही."

"हिला माहीत होतं?" नवऱ्याचा आवाज फाटला. "तुला माहीत होतं! आणि तू रोज 'छान झाला, छान झाला' सांगत होतीस? अगं, मेली असती ती आज! माझ्या डोळ्यांदेखत!"

"तर काय करू?" मीही सुटले. "तुमच्या घरची रीतच तशी. त्यांनी मला शपथ घातली. तू त्यांना घातलीस. एकाला तरी धड बोलता येतं का तुमच्यात? दोन वर्षं त्यांची सायकल बंद ठेवून काय मिळवलंस? कान तपासायला नेलंस का एकदा तरी?"

ते त्याला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तो मटकन खुर्चीत बसला.

ताई आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. कोणाच्या भांडणात काय चाललंय हे ओठांवरून वाचायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. मग त्यांनी पर्स उघडली, डबी काढली आणि ते यंत्र भावासमोर कानात बसवलं. "हे घे. लावलं. वारा घोंघावू दे, सायकलवरसुद्धा लावेन. आरसा लावेन. जिथे रस्ता आडवा येईल तिथे उतरून, सायकल हातात धरून ओलांडेन. तुझी बायको पुढे राहिली तर तिच्या मागे राहीन, एवढा अपमानसुद्धा सहन करेन. पण तू माझी शपथ सोडव. दोन वर्षं पाळली रे मी. तू घातलीस, तूच सोडवायची. सुटली म्हण."

लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. शपथ घातली की ती घालणाऱ्यानेच सोडवायची, 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटत नाही. साठी ओलांडलेली बाई पंचेचाळीस वर्षांच्या भावाकडे तो शब्द मागत होती, आणि त्यात पोरकट काही नव्हतं.

तो उठला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. खालून एलआरटी गेली. ती गेल्यावर तो अगदी हळू, खिडकीच्या काचेशी बोलल्यासारखा म्हणाला, "नाही जमणार ताई. तिकिटं रद्द करतो. आणि पुण्याचंही आता बघावं लागेल. एकटी नाही राहायचीस तू."

यंत्र कानात असलं तरी पाठमोऱ्या माणसाचं इतकं हळू बोलणं त्यांना पोचलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला गं?"

मी डेटॉलचा बोळा हातात धरून उभी होते. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, डोळे मोठे करून, शाळेत निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या. आणि मला इतका राग आला! एवढी मोठी गोष्ट, एका माणसाचं घर, सायकल, सगळं आयुष्य, आणि ती तोंडावर सांगायची हिंमत नाही. ऐकू न येणाऱ्या बाईला पाठ करून सांगायचं आणि उरलेलं बायकोकडून वदवून घ्यायचं. नाही वदणार मी, जा.

"म्हणाला, सुटली," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, प्रत्येक अक्षर सुटं करून.

खिडकीशी तो गर्रकन वळला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. मी नजर हटवली नाही. बोल ना, मी मनात म्हणत होते, खोटं बोलते म्हण. हिच्या तोंडाकडे बघून म्हण, तुझी सायकल गेली, तुझं घर गेलं. म्हणून दाखव.

ताई त्याच्याकडे बघत होत्या. त्या खुळ्या नाहीत. हो म्हणायला माणूस खिडकीकडे जात नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार. त्या उठल्या, कोपरावरून डेटॉलचा ओघळ तसाच, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याचा हात धरून म्हणाल्या, "हिच्याकडून नको. तू म्हण. माझ्याकडे बघून म्हण."

तो रडायला लागला. माझा नवरा, मी त्याला त्याच्या वडिलांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. ताई हलल्या नाहीत. त्याच्या ओठांवरची नजर हलली नाही.

"सुटली," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"सुटली!" तो ओरडला, "सुटली, ताई, सुटली, सुटली!" इतक्या मोठ्याने की कॉरिडॉरमधलं शेजारचं लोखंडी दार उघडलं, आणि त्या घरातल्या चिनी आजींनी आमच्या दाराशी येऊन, आत डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना?